अर्ज आलाच नाही

जर्मनी
६ ऑक्टोबर २०२४

मामा,

नमस्कार. पाकीट पाहून घाबरू नोका, माही तब्येत ठणठणीत आहे. फोन सोडून पत्र काऊन लिहून राह्यली, ते आधी सांगते. आईचा फोन कायम स्पीकरवर असते. मी इकडे शिंकली तरी सेलूच्या अर्ध्या गल्लीले समजते. अन् तुमच्या त्या बटनांच्या फोनवर माहा नंबर लागतच नाई. म्हणून कागद घेतला. वाचून झालं की पेटीत ठेवजा.

गोष्ट अशी आहे. इथं राहायचा माहा परवाना तीस सप्टेंबरले संपला. नवीन परवान्यासाठी मी अकरा जूनलेच अर्ज दिला होता, सगळे कागद जोडून. कॉम्प्युटरवर आपोआप एक उत्तर आलं, की तुमचा अर्ज पोचला, कृपया वारंवार चौकशी करू नये. त्यानंतर चार महिने झाले, काहीच नाई. अर्ज वेळेत दिला म्हणून कायद्यानं मी इथं राहू शकते, कामही करू शकते. पण तसं सांगणारा एक तात्पुरता कागद लागते. तो कागद त्याच कार्यालयानं द्यायचा असते, अन् ते देऊन नाई राह्यले.

दवाखान्याच्या ऑफिसनं सांगितलं, चौदा तारखेपर्यंत कागद आणा, नाईतर कामावर घेता येणार नाई. पगारही बंद. आमच्या वॉर्डात एकतीस पेशंट अन् तीन नर्स. त्यातली एक घरी बसणार, अन् ती मी. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तुला घरी बसवलं तर इंजेक्शनं काय ते कार्यालय येऊन देणार आहे?

दिवाळीचं तिकीट रद्द केलं. कागद नसताना देशाबाहेर पडली तर परत येता येणार नाई. आईले सांगितलं की सुट्टी नाई मिळाली. तर ती म्हणते, तुह्या मोठ्या सिस्टरले फोन दे, मी बोलते.

बाबा गेल्यापासून माहा प्रत्येक फॉर्म तुम्ही भरला. सेवाग्रामच्या नर्सिंगचा फॉर्मही तुमच्याच अक्षरात होता. चौतीस वर्षं तुम्ही सरकारी टेबलाच्या आतल्या बाजूले बसले. मले एवढंच सांगा, माहा अर्ज कुठं पडला असेल, अन् तो उचलायले मी काय करू?

तुमची
रुचिका


सेलू
२२ ऑक्टोबर २०२४

चि. रुचिका,

आशीर्वाद तुला रोजच असतात, ते वेगळे लिहीत बसत नाही. कामाचं बोलतो.

पहिली गोष्ट, अर्ज हरवलेला नाही. सरकारी कचेरीत कागद हरवत नाही, तो दुसऱ्या कागदाखाली जातो. वरचा कागद हलला की खालचा दिसतो. आपल्याला फक्त वरचा हलवायचा आहे.

त्यासाठी फोन करू नको आणि कॉम्प्युटरवरूनही लिहू नको. स्मरणपत्र लिही, कागदावर, आणि रजिस्टर टपालानं पाठव. पोचपावती जपून ठेव. पहिल्या स्मरणपत्रात विनंती असावी. आठ दिवसांनी दुसरं, त्यात पहिल्याची तारीख. आणखी आठ दिवसांनी तिसरं, त्यात दोन्हींच्या तारखा, आणि शेवटी हे वाक्य: 'विलंबामुळे होणाऱ्या नुकसानीस आपले कार्यालय जबाबदार राहील.' हे वाक्य वाचलं की साहेब खुर्चीत जरा सरळ बसतात. जर्मन भाषेत त्याला काय म्हणतात ते तू बघ, पण वाक्य सोडू नको.

दुसरी गोष्ट. आतल्या माणसावर रागावू नको. त्याच्यापुढे ढीग असतो, आणि ढीग त्यानं स्वतः आणलेला नसतो. माझ्याकडे दाखल्यांचं टेबल होतं तेव्हा दिवसाला शंभर माणूस यायचं. चौतीस वर्षांत माझ्याविरुद्ध एकही तक्रार झाली नाही, कारण मी कोणाशी वर आवाज केला नाही. तूही करू नको.

पत्र आलं तेव्हा तुझी आई समोरच बसली होती. तुझी मामी गेल्यापासून माझं जेवण मंदाकडेच, त्यामुळे ती कधी समोर नसते हे सांगणं कठीण. मी म्हटलं, पेन्शनचा कागद आहे. ती म्हणाली, जर्मनीहून? मी वरणात मीठ मागितलं. ते आधीच जास्त होतं.

तुझा
मधुकरमामा


जर्मनी
१२ नोव्हेंबर २०२४

मामा,

चौदा ऑक्टोबरपासून मी घरी आहे. पहिले दोन दिवस झोपली, तिसऱ्या दिवशी खिडक्या पुसल्या, चौथ्या दिवशी शेजारणीच्याही खिडक्या पुसल्या. तुमचं पत्र एक तारखेले मिळालं. त्याच दिवशी पहिलं स्मरणपत्र टाकलं, काल दुसरं टाकलं. उत्तर नाई.

मधात मी स्वतः कार्यालयात जाऊन आली. दारावरचा माणूस म्हणे, आधी कॉम्प्युटरवर वेळ घ्या. कॉम्प्युटर म्हणे, वेळ शिल्लक नाई. तीन सकाळी मी तिथं उभी राह्यली. तिसऱ्या दिवशी त्या माणसाले दया आली अन् त्यानं आत सोडलं. खिडकीत एक पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी माहं नाव टाकलं, पाहिलं, अन् सांगितलं, "तुमचा अर्ज दिसत नाही. आलाच नसेल."

मी ते आपोआप आलेलं उत्तर काढून दाखवलं. त्यांनी वाचलं अन् म्हणाल्या, मग आला असेल, पण कोणाच्या टेबलावर आहे ते मला सांगता येत नाही. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्यामागे भिंतीले लागून फायलींची खोकी छातीपर्यंत रचली होती.

मोठ्या सिस्टरनं एका वकील बाईंचं नाव दिलं, केलर. साठीच्या आहेत, सायकलनं येतात. त्यांनी सांगितलं की अर्जाले तीन महिने झाले अन् कार्यालयानं हो किंवा नाई काहीच कळवलं नाई, तर ते काहीच करत नाईत एवढ्याच कारणानं कोर्टात जाता येते. अन् उशिरामुळे पगार बुडाला तर तो त्यांनी भरून द्यायचा. पण कोर्ट आधी हे पाहते, की नुकसान होऊन राह्यलं होतं तेव्हा तुम्ही त्यांना जागं करायले काय केलं. मी दोन्ही पोचपावत्या पुढं ठेवल्या. त्या पाहून बाई हसल्या. म्हणाल्या, हे कोणी शिकवलं? मी म्हटलं, माह्या मामानं, तेही सरकारी माणूस आहेत.

आता माहं मन दोन्हीकडं आहे. परदेशात सरकारवर केस करायची म्हणजे भीती वाटते. पण इथं बसून बसून डोकं फिरून राह्यलं.

केलर वकिलांले मी दहा डिसेंबरच्या मंगळवारी पुन्हा भेटणार. होकार द्यायचा की नाई, ते तुम्ही सांगा. आईले इतक्यात कळू देऊ नोका.

तुमची
रुचिका


सेलू
२५ नोव्हेंबर २०२४

चि. रुचिका,

होकार देऊ नको.

कोर्टाचं नाव काढू नकोस. त्या खिडकीतल्या बाईंचा विचार कर. कोर्टाचा कागद आला की साहेब तिलाच बोलावतील. तिच्या पगारातून कापतील, तिची बढती अडकेल. आपल्याकडेही माझ्या निवृत्तीच्या तीन वर्षं आधी लोकसेवा हक्काचा कायदा आला. दाखला मुदतीत दिला नाही तर अधिकाऱ्याच्या खिशातून दंड. त्या वर्षी आमच्या कचेरीत कोणी नीट जेवलं नाही.

एका कागदाला उशीर झाला म्हणून माणसाला गुन्हेगार ठरवायचं का? माणूस विसरतो. माणसाकडून एखादा कागद राहून जातो. त्याला वीस-पंचवीस वर्षांनी उभं करून जाब विचारायचा, हे मला पटत नाही.

तिसरं स्मरणपत्र टाक आणि थांब.

मंदा दोन दिवसांपासून फार खुशीत आहे. काल मंगळवार नाही, चतुर्थी नाही, तरी केळझरला गणपतीला जाऊन आली आणि पुरणपोळी केली. कारण विचारलं तर म्हणाली, तुम्हाले माहीत नाई का?

मधुकरमामा


सेलू
२६ नोव्हेंबर

रुचू बाई,

मी पत्र लिहून राह्यली म्हणून हसू नोको, सातवीपर्यंत माहं अक्षर वर्गात पहिलं होतं.

तुह्या मामाच्या पलंगाखाली झाडताना एक कागद सापडला. शेवटचं पान होतं. चष्मा नव्हता, तरी तुहं अक्षर मी अंधारात ओळखतो. केळकर वकिलांले मंगळवारी भेटणार, होकार द्यायचा की नाई ते मामानं सांगावं, आईले कळू देऊ नोका. काऊन कळू देऊ नोका? मी का वाघ हाये?

पोरगा वकील हाये, मराठी हाये, अन् तिकडंच राह्यते. आणखी काय पाह्यजे? आपल्यातला नसला तरी माहं काही म्हणणं नाई. तुह्या मामाले काय इचारते, त्याले निर्णय घ्यायले सहा महिने लागतात. मी सांगतो, होकार देऊन टाक. फक्त त्याले एवढं इचारून घेजो, जेवणात तिखट चालते का. अन् दिवाळीले सुट्टी नाई मिळाली म्हणून जे सांगतलं, ते कशासाठी होतं ते आता मले समजलं.

केळझरच्या गणपतीले सांगून आली हाये. आता मागं हटू नोको.

तुही आई
मंदा


जर्मनी
१६ डिसेंबर २०२४

आई अन् मामा,

हे पत्र दोघांसाठी आहे. मामा, तुम्ही मोठ्यानं वाचा. आई, तू चष्मा लावून शेजारी बस.

आई, ते केळकर नाईत, केलर आहेत. त्या बाई आहेत. त्यांचं वय साठ आहे, त्यांना दोन नातू आहेत. तुहं पत्र मी त्यांना समजावून सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्या लागलं. त्यांनी निरोप दिला आहे, की तिखट चालत नाई, पण पुरणपोळी खाऊन पाहतील.

आता खरं सांगते. दोन महिने मी कामावर नव्हती, सरकारी कागद वेळेत नाई आला म्हणून. तू घाबरशील म्हणून तुले सांगितलं नाई. अन् घाबरायची वेळ आता गेली, कारण कागद आला.

तुमचं पत्र यायच्या आधीच मी सही केलती, मामा. थांबणं होत नव्हतं. केलर बाईंनी कोर्टात दोन अर्ज टाकले, एक परवान्यासाठी अन् एक त्या तात्पुरत्या कागदासाठी, तातडीचा. कोर्टानं कार्यालयाले फक्त विचारलं, की या बाईचा कागद काऊन दिला नाई, अमुक तारखेपर्यंत कळवा. त्या तारखेच्या दोन दिवस आधी कागद माह्या टपालपेटीत होता. आज मी वॉर्डात गेली. एकोणीस नंबरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

बुडालेल्या पगारासाठी वेगळी केस होणार. ती दुसऱ्या कोर्टात, अन् तिले वेळ लागेल. पण मामा, त्या खिडकीतल्या बाईंच्या पगारातून काही कापत नाईत. मी केलर बाईंना पहिला प्रश्न हाच विचारला, तुमच्यासाठी. त्या म्हणाल्या, जबाबदारी खुर्चीची असते. सरकार भरते. बाईंना कोणी हात लावत नाई.

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. तुम्ही माह्यावर असे कधी रागावले नाई. पंचवीस वर्षांनी जाब विचारायचं कोणी म्हटलंच नव्हतं, मामा. माह्या अर्जाले तर सहाच महिने झाले. माहं काही चुकलं का?

रुचिका


सेलू
६ जानेवारी २०२५

चि. रुचिका,

तुझं काही चुकलं नाही. पत्र वाचून दाखवताना मी शेवटच्या ओळी गाळल्या. मंदा रडली, मग हसली, मग मला म्हणाली, तुम्ही दोघं मिळून मले येडी समजता. दोन दिवस माझ्या ताटात भाजी वेगळी नि पोळी वेगळी आदळत होती. आता ठीक आहे. आता ती गल्लीभर सांगते, माह्या पोरीनं जर्मनीच्या सरकारले कोर्टात उभं केलं.

आता माझं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या मामीलाही नाही.

१९९९ साली माझी बदली दुसऱ्या तालुक्यात होती. अधिवास प्रमाणपत्रांचं टेबल माझ्याकडे होतं, म्हणजे माणूस इथलाच राहणारा आहे असा दाखला. श्रावण नावाचा एक तरुण अर्ज घेऊन आला. वनरक्षकाच्या भरतीत त्याचं नाव लागलं होतं, फक्त हा दाखला हवा होता. कागद सगळे पूर्ण होते. पण त्यानं दहा माणसांसमोर मोठ्यानं विचारलं, "साहेब, नक्की किती दिवस लागतील ते सांगा." मला ते लागलं. मी मनात म्हटलं, राहू दे याचा आठ दिवस. खालच्या ड्रॉवरमध्ये टाकला. मग मतदार याद्यांचं काम आलं, आणि मी खरंच विसरलो.

सात आठवड्यांनी तो आला, भरतीच्या शेवटच्या दिवशी. मी ड्रॉवर उघडला. अर्ज तिथंच होता. त्या दिवशी साहेब दौऱ्यावर नव्हते, खोलीत होते. मनात आणलं असतं तर तासाभरात सही झाली असती. पण मग साहेबांनी विचारलं असतं, हा कागद सात आठवडे कुठे होता?

मी ड्रॉवर बंद केला आणि म्हटलं, अर्ज आलाच नाही.

तेव्हा पोच द्यायची पद्धत नव्हती. त्याच्या हातात काहीच नव्हतं. तो निघून गेला. माझ्याविरुद्ध तक्रार झाली नाही, हे मी तुला अभिमानानं लिहिलं. ती झाली नाही ती अशी.

तुझ्या पत्रात त्या खिडकीतल्या बाईंचं 'आलाच नसेल' वाचलं आणि म्यां तो कागद उलटा करून ठेवला, रुचू. तिनं नकळत म्हटलं. म्यां जाणूनबुजून म्हटलं होतं.

श्रावण आता केळझरला राहतो, बायकोच्या गावी. रोपवाटिका आहे. आठ वर्षांपूर्वी मला कोणीतरी सांगितलं. तेव्हापासून मी नागपूरला जाताना बसमध्ये दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसतो.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

मामा


जर्मनी
४ सप्टेंबर २०२५

मामा,

जानेवारीत मी तुम्हाले दोनच ओळी लिहिल्या, की तुम्ही माहे मामा आहे अन् राहाल. त्याच्यावर काय लिहा लागते ते मले तेव्हा समजलं नाई, अन् आताही समजत नाई. म्हणून माहंच सांगते.

केस संपली. परवान्याचं कार्ड तर फेब्रुवारीतच मिळालं, तीन वर्षांचं. पगाराच्या केसमध्ये परवा आम्हाले बोलावलं होतं. कार्यालयाचे वकील म्हणाले, माणसं कमी होती, अर्ज जास्त होते, म्हणून उशीर झाला. न्यायाधीश बाईंनी विचारलं, माणसं नेमणं हे अर्जदाराचं काम आहे का? ते वकील म्हणाले, नाही. बाई म्हणाल्या, मग ती अडचण तुमची आहे, तिची नाही. मग त्यांनी आमची तिन्ही स्मरणपत्रं समोर ठेवली. तिसऱ्यातलं तुमचं ते वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं. कार्यालयाचे वकील खरंच खुर्चीत सरळ बसले, मामा. मी डोळ्यानं पाहिलं.

शेवटी तडजोड झाली. नऊ आठवड्यांचा पूर्ण पगार ते देणार. पण तडजोडीच्या कागदावर त्यांनी एक ओळ टाकली, की यात कार्यालय आपली चूक मान्य करत नाही. मी म्हटलं, पैसे कमी द्या, पण एवढं लिहा की उशीर आमच्याकडून झाला. ते नाई म्हणाले. केलर बाई म्हणाल्या, पैसे देणं त्यांना सोपं असते, ते वाक्य नाई. मी सही केली. घरी येताना मन खट्टू होतं. कशासाठी, ते नीट सांगता नाई येत. नुकसान तर सगळं भरून निघालं.

एक चांगली गोष्ट सांगायची राह्यली. कार्ड घ्यायले गेली तेव्हा खिडकीत त्याच बाई होत्या. कार्ड देताना हळूच म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही कोर्टात गेलात. अशा सात-आठ केस झाल्या, तेव्हा आम्हाला दोन माणसं वाढवून मिळाली." मागची खोकी आता कमरेपर्यंत आली आहेत.

दिवाळीले येऊन राह्यली. तिकीट काढलं. आईले सांगजा की मोठ्या सिस्टरशी बोलायची गरज नाई.

श्रावणचं मी विचारत नाई. तुम्हाले वाटलं तर सांगजा.

रुचिका


सेलू
२४ सप्टेंबर २०२५

चि. रुचिका,

तू आल्यावर हे तोंडी सांगणं मला जमणार नाही, आणि मंदा समोर असेल. म्हणून लिहितो.

तुझं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी केळझरला गेलो. बसमधून उतरलो आणि विचारत विचारत रोपवाटिकेत पोचलो. श्रावण पिशव्यांत माती भरत होता. पन्नाशीचा झाला आहे, डोक्यावर केस राहिले नाहीत. त्यानं मला पाहिलं आणि म्हणाला, "या, मधुकरराव साहेब. लिंबाची कलमं पाह्यजेत का?"

ओळखलं त्यानं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. अर्ज आला होता, ड्रॉवरमध्ये होता, मी खोटं बोललो. त्यानं एक रिकामा डबा पालथा करून दिला, मी त्यावर बसलो.

तो म्हणाला, "मले माहीत हाये. तुम्ही ड्रॉवर उघडला तवा माहाच अर्ज वर होता. कोपऱ्यात शाईचा डाग पडला होता माह्या हातून. तो मले दिसला."

मी विचारलं, मग तू बोलला का नाहीस? साहेबांकडे का गेला नाहीस?

"साहेबानं तुम्हालेच बोलावून इचारलं असतं, अन् तुम्ही नाई म्हटलं असतं. घरी जाऊन बापाले सांगतलं. बाप म्हणे, सरकारी माणूस कायले खोटं बोलते? तूच अर्ज दिला नसशील. माही बायकोही आजवर तेच म्हणते."

त्याचे वडील २००६ मध्ये वारले.

मी हात जोडले. माफी मागितली. तो म्हणाला, "तोंडी नोका सांगू, साहेब. कागदावर द्या. तारीख टाका, सही करा."

मी म्हटलं, देतो. आणि घरी आलो. रुचिका, मी आयुष्यात दहा हजार पत्रांचे मसुदे केले असतील. साहेब रागावले असतील तर कसं लिहायचं, नाही म्हणायचं असेल तर कसं लिहायचं, सगळं येतं. हे येईना. पहिल्या दिवशी लिहिलं, 'कामाच्या व्यापामुळे अर्ज नजरचुकीने मागे राहिला.' वाचलं आणि फाडलं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'विलंब झाला असल्यास दिलगीर आहे.' तेही फाडलं. तुझ्या त्या कार्यालयाच्या वकिलाचं मला तेव्हा समजलं. मंदा म्हणाली, कोणाले लिहून राह्यले एवढं? मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं. तिनं चहा करून आणला आणि समोर बसली. मग म्हणाली, जसं झालं तसंच लिहा ना दादा, त्याले कायचा मसुदा पाह्यजे?

तिसऱ्या दिवशी चार ओळी लिहिल्या. 'श्रावण यांनी अधिवास प्रमाणपत्राचा अर्ज मुदतीत व पूर्ण कागदांसह दिला होता. तो मी ड्रॉवरमध्ये ठेवला. शेवटच्या दिवशी अर्ज आलाच नाही असे मी त्यांना सांगितले, ते खोटे होते. त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली.' खाली तारीख, सही, पूर्ण नाव.

काल तो कागद घेऊन पुन्हा गेलो. श्रावणची बायको छायाबाई घरीच होत्या. श्रावणनं कागद वाचला, दोनदा, आणि त्यांच्या हातात दिला. त्या ओठ हलवत वाचत गेल्या. वाचून झाल्यावर नवऱ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं आता माझ्यावर येणार, आणि मी तयार होतो.

पण त्या एकदम हसायला लागल्या. हसता हसता डोळ्याले पदर लावला. म्हणाल्या, "अवो, पंचवीस वर्षं झाली, काही सांडलं, काही इसरलं, का मी यांले म्हणतो, तुम्ही तर अर्ज द्यायचाच इसरले होते. आता मी यांले काय म्हणून बोलू?"

श्रावणही हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग तो आत गेला, भिंतीवरची वडिलांची तसबीर काढून आणली आणि मांडीवर घेऊन बसला.

"साहेब," तो म्हणाला, "आणखी एक प्रत करून द्या. एक हिच्यापाशी राहील. एक बापाच्या या फोटोमागं लावतो."

छायाबाईंनी वहीतला कागद फाडून दिला. मी पालथ्या डब्यावर कागद ठेवला आणि लिहायला घेतलं. पहिल्या प्रतीला मला तीन दिवस लागले होते. ही दहा मिनिटांत झाली.

तुझा
मामा